अठराव्या वर्षापूर्वी : स्वमग्न मुलांच्या पालकांशी हितगुज

(रुग्णालयाच्या वार्षिक पालक मेळाव्यात प्रशासन विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा पाठ)



या ठिकाणी एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांनी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आम्ही प्रशासन विभागातील माणसे. आमचा पिंड वाणिज्य शाखेचा, हिशेबाचा आणि फायलींचा. तथापि स्वमग्न, म्हणजे ज्यांना ऑटिझम आहे अशा मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आमच्या ध्यानी आली आहे. लहानपणी पालकांचे प्रश्न उपचाराचे असतात. मूल अठरा वर्षांचे होऊ लागले की त्यांत कागदांचे प्रश्न मिसळतात, आणि त्यांची उत्तरे आधी शोधून ठेवली नाहीत तर घरावर मोठा प्रसंग ओढवतो. त्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा विश्वस्त मंडळाने केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

प्रारंभी आमच्या एका चुकीची कबुली देतो. हा मेळावा आम्ही पूर्वी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी घेत असू. हार-तुरे होत, भाषणे होत. परंतु ज्यांच्यासाठी सभागृह उघडले, ती माणसे सभागृहात नसत. बीड जिल्ह्यातील शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या भागांतील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात गेलेली असतात. डिसेंबरात ती फडावर, कोपीत असतात. ही साधी गोष्ट आम्हांस उमगण्यास काही वर्षे लागली. आता हंगाम संपून माणसे गावी परतल्यावर, उन्हाळ्यात हा मेळावा होतो, आणि सभागृह भरलेले दिसते.

असेच एक ऊसतोड करणारे दांपत्य आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या कचेरीत आले होते. मुलगा अंगापिंडाने वडिलांपेक्षा उंच. बोलणे जवळजवळ नाही. कानांवर हात ठेवून कोपऱ्यात उभा राही; पंख्याचा आवाज बंद केला की शांत होई. आईने विचारले, "आमच्या मागं याचं कसं व्हायचं?" वडिलांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. तो आमच्याच बाह्यरुग्ण विभागाचा २०१३ सालचा केसपेपर होता. त्यावर लिहिले होते, "बोलणे उशिरा. वय वाढेल तसे सुधारेल."

तो शेरा चुकीचा ठरला होता. खाली मात्र परिचारिकेने नोंद केली होती : "हाक मारली तरी पाहत नाही. चाक फिरवत बसतो. इतर मुलांत मिसळत नाही." आमच्याकडील प्रत शोधली, ती मिळाली नाही, जुने दप्तर काढताना रद्दीत गेली होती. वडील म्हणाले, "साहेब, हा कागद मी फडावर बी सोबत नेत होतो." ज्या कुटुंबाचे बिऱ्हाड दरवर्षी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांधले जाते, त्याने तो बारा वर्षे जपला, पक्की इमारत असलेल्या आम्हांस तो जपता आला नाही. मुलाची लक्षणे बालपणापासून आहेत, हे दाखवणारा तोच एकमेव लेखी पुरावा होता. या मुलाच्या प्रकरणात आम्ही जे शिकलो, तेच आज आपणापुढे ठेवीत आहोत.

पहिली बाब प्रमाणपत्राची. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकार होते. त्यांत ऑटिझम नव्हता. दिल्लीत १९९१ साली मेरी बरुआ यांनी सुरू केलेल्या 'अॅक्शन फॉर ऑटिझम' या संस्थेसारख्या पालकांच्या प्रयत्नांनी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात ऑटिझमचा समावेश झाला. दिव्यांगत्वाच्या सर्वसाधारण कायद्यात मात्र तो २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकार आहेत. याचा परिणाम असा, की आज अठराच्या आसपास असलेल्या अनेक मुलांच्या जुन्या प्रमाणपत्रावर 'मतिमंद' असे लिहिलेले आढळते, कारण त्या वेळी दुसरा रकानाच नव्हता. या मुलाचेही तेच झाले होते, आणि त्यावरील मुदतही संपलेली होती. आपल्या मुलाचे प्रमाणपत्र आज घरी गेल्यावर काढून पाहा : प्रकार कोणता लिहिला आहे, टक्केवारी किती आहे आणि मुदत कधी संपते.

१ जून २०२१ पासून प्रमाणपत्र केवळ केंद्र शासनाच्या 'स्वावलंबन' संकेतस्थळावरून, वैश्विक ओळखपत्रासह दिले जाते. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून भरता येतो. तपासणी व प्रमाणपत्र हे अधिकृत शासकीय वैद्यकीय मंडळाचे काम आहे. आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयास ते देता येत नाही. आम्ही फक्त उपचाराची कागदपत्रे व अहवाल देऊ शकतो. मंडळ कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी बसते आणि त्या दिवशी मानसोपचार तज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ उपस्थित असतात काय, हे आधी विचारून मगच निघावे. गर्दीत चार तास थांबणे स्वमग्न मुलाला सोसत नाही. या मुलाला पहिल्या खेपेस तपासणीविना परतावे लागले, आणि त्या खेपेत दोघांचीही मजुरी बुडाली.

ऑटिझम मोजण्यासाठी 'इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम' ही मोजपट्टी २०१६ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचित केली. तिच्यात ४० मुद्दे असून प्रत्येकास १ ते ५ गुण आहेत. माणसांशी वागणे, भावना, बोलणे, सवयी, आवाज-स्पर्श यांची संवेदना आणि आकलन अशी सहा अंगे तपासली जातात. एकूण गुण ७० पेक्षा कमी आले, तर ऑटिझम नाही असे मानले जाते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते.

येथे आमची एक कळकळीची सूचना आहे. यातील पुष्कळ उत्तरे पालकांना द्यावी लागतात, आणि आपण मायेपोटी मुलाची चांगली बाजूच सांगतो. "त्याला सगळं कळतं, फक्त बोलत नाही," असे आई म्हणते. त्यात खोटे काही नसते. परंतु रात्री तो तीन-तीन तास झोपत नाही, चुलीकडे धावतो, अंगावरचे कपडे काढून टाकतो, रस्ता ओलांडताना गाडी पाहत नाही, हे सांगायचे राहून जाते. वाढवून काहीही सांगू नये, तसेच लाजून काही लपवूही नये. तपासणीपूर्वी आठ दिवसांची दिनचर्या वहीत लिहून काढावी. लिहिता येत नसेल तर आमच्याकडे यावे, आम्ही लिहून देऊ. या मुलाच्या आईने सांगितलेल्या गोष्टी लिहिताना आमच्या लिपिकाची चार पाने भरली. दुसऱ्या खेपेस मंडळाने त्याची तपासणी केली आणि त्यास ऑटिझम या प्रकारात ६० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले.

दुसरी बाब जन्माच्या नोंदीची. वयाचा पुरावा सर्वत्र मागितला जातो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या मुलास शाळा सोडल्याचा दाखला कोठून मिळणार? हंगामात फडावर जन्मलेल्या बाळाची नोंद गावी नसते. कारण जन्म जेथे झाला तेथेच तो नोंदवला जातो. एक वर्षाहून अधिक विलंब झाला तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची गरज लागते. आधार, शिधापत्रिका आणि बँकेचे पासबुक यांवरील नावात एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज परत येतो. म्हणून हे काम सतराव्या वर्षी नव्हे, पंधराव्या वर्षीच हाती घ्यावे.

तिसरी बाब मासिक साहाय्याची. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावयाचा असतो. त्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, रहिवास व कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. राज्य शासनाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये केली. रक्कम थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात येते, म्हणून खाते आधी उघडावे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेसाठी वय १८, दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि ८० टक्के दिव्यांगत्व लागते. ६० टक्क्यांचे प्रमाणपत्र असलेला हा मुलगा तीत बसला नाही. त्याचा निराधार योजनेचा अर्ज मात्र काही महिन्यांनी मंजूर झाला. यांखेरीज ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्याची विचारणा ग्रामसभेत अवश्य करावी. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत उपचारखर्चाची सोय आहे.

शासकीय नोकरीतील व जिल्हा परिषदेतील पालकांसाठी आणखी एक गोष्ट. २००५ पूर्वीच्या निवृत्तिवेतन नियमांखाली येणाऱ्यांच्या मनोविकलांग अपत्यास पालकांच्या पश्चात आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी सेवेत असतानाच कार्यालयास लेखी कळवून नोंद करून घ्यावी. साखर कारखान्यातील कायम कामगारांना लागू असलेल्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतही कायम व संपूर्ण दिव्यांग अपत्यास वयाची अट नाही. कारखान्याच्या आत काम करणाऱ्याच्या लेकराला हा आधार आहे. त्याच कारखान्याला ऊस तोडून देणाऱ्याच्या लेकराला तो नाही. हे वास्तव देणगीदारांनी ध्यानात घ्यावे, अशी विनंती आहे.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित बाब कायदेशीर पालकत्वाची. अठरा वर्षे पूर्ण होताच कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते, आणि आई-वडील त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. मग बँक म्हणते, सही त्याचीच हवी. ज्या तरुणाला व्यवहार समजतो, त्याने स्वतःचे खाते स्वतः चालवावे; त्याचा अधिकार आपण काढून घेऊ नये. ज्यास ते शक्य नाही, त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा. या समितीत जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. या समितीचे प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य मानावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच कळवले आहे. बँकेत अडचण आल्यास पालकांनी याचा उल्लेख करावा.

पालकत्व ही जबाबदारीही आहे. नियुक्तीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करावा लागतो. हिशेबाची माणसे म्हणून आम्हांस ही तरतूद विशेष मोलाची वाटते, कारण आई-वडिलांच्या पश्चात भाऊबंदांपैकी कोणी पालक झाला, तर त्या मुलाच्या वाट्याच्या जमिनीचे आणि अनुदानाचे काय झाले, हे विचारणारे कोणीतरी राहते. या मुलाच्या पालकत्वाचा अर्ज दाखल झाला आहे. हे लिहीत असताना निर्णय यावयाचा आहे.

शेवटी आमच्याविषयी. त्या केसपेपरनंतर आम्ही काही बदल केले. विकासातील विलंब असलेल्या मुलांचे दप्तर आता रद्दीत जात नाही. "सुधारेल" असा मोघम शेरा न लिहिता, काय दिसले ते तारखेसह लिहिले जाते आणि एक प्रत पालकांना दिली जाते. मूल पंधरा वर्षांचे झाले, की आमचा समाजसेवा विभाग पालकांना बोलावून कागदांची यादी तपासतो, आणि तेही हंगाम सुरू होण्याआधी.

देणगीदारांना एक नम्र निवेदन. धर्मादाय रुग्णालय म्हणून निर्धन रुग्ण निधीत जी रक्कम जमा होते, ती उपचारांसाठीच खर्चता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचे बसभाडे, झेरॉक्स, बुडालेली मजुरी आणि सोबत जाणाऱ्या कार्यकर्त्याचा प्रवास यांना ताळेबंदात रकाना नाही. यंत्रसामग्रीसाठी आपण सढळ हाताने देता, तिच्यावर आपल्या नावाची पाटीही लागते. या खर्चावर पाटी लावता येणार नाही. परंतु एका कुटुंबाच्या दोन-तीन खेपांचा खर्च भागला, तर एका तरुणाचे पुढील आयुष्य थोडे सुरक्षित होते. असा वेगळा निधी उघडण्यास विश्वस्त मंडळाने अनुमती द्यावी, ही प्रार्थना.

आणि पालकहो, आपल्या मागे लेकराचे कसे व्हायचे, या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर कोणत्याही कागदात नाही. त्यासाठी नातलग हवेत, गाव हवे, काम आणि निवारा हवा. परंतु कागद नसेल तर त्यातील पुष्कळ दारे उघडतच नाहीत. म्हणून आज जाताना दाराशी बसलेल्या भगिनींकडे मुलाचे नाव, जन्मतारीख आणि प्रमाणपत्राची मुदत एवढी नोंद करून जावे. दसऱ्यापूर्वी आम्ही आपणास निरोप धाडू.