एकीने जोडलं, दुसरीने शिवलं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून जो तो या मागे टांगलेल्या क्विल्टपाशी येतो आणि मला दोनच प्रश्न विचारतो. पहिला, ‘या नक्षीला काय म्हणतात गं?’ आणि दुसरा, ‘एवढं सगळं तू हाताने शिवलंस?’ संयोजकांनी मला ‘अमेरिकेतील अनुभव’ असा विषय दिला होता. पण तिथले रस्ते आणि बर्फ यांच्याबद्दल तुमच्या मुला-नातवंडांनी तुम्हाला आधीच सगळं सांगितलंय. म्हणून मी या दोन प्रश्नांचीच उत्तरं देते.

आधी थोडी ओळख. क्विल्ट म्हणजे तीन थर. वर तुकडे जोडून केलेला दर्शनी भाग, त्याला तिकडे टॉप म्हणतात. मध्ये कापसाचा थर आणि खाली अस्तर. हे तिन्ही एकत्र धरून ठेवणारे टाके घालणं म्हणजे क्विल्टिंग. शेवटी कडेने गोट. आपल्या गोधडीत कापसाच्या जागी जुनी लुगडी-धोतरं असतात आणि धावदोरा दाट असतो. बाकी कुळ एकच.

आता नक्षी. तुम्ही ४२ जणांनी पाठवलेल्या कापडांचे हे ४२ चौकोन. आडवे सहा, उभे सात, प्रत्येक ९ इंचांचा. त्यातला एक नीट बघा. तीन गुणिले तीन अशी नऊ घरं आहेत. चार कोपऱ्यांत त्रिकोणांच्या जोड्या, चार बाजूंना दोन-दोन पट्ट्या आणि मधलं घर पांढरं, सहीसाठी. या नमुन्याला ‘चर्न डॅश’ म्हणतात. चर्न डॅश म्हणजे लोणी काढायच्या उभ्या भांड्यातला दांडा, आपल्या भाषेत रवी. पण हाच नमुना ‘होल इन द बार्न डोअर’ म्हणजे कोठाराच्या दाराचं भोक, ‘डबल मंकी रेंच’ म्हणजे पाना आणि ‘लव्ह नॉट’ म्हणजे प्रेमाची गाठ या नावांनीही ओळखला जातो. ज्या घरात जी वस्तू हाताखाली, तिचं नाव नक्षीला!

आणि पांढऱ्या घरात सह्या का? तर तीही जुनी रीत आहे. १८४०च्या दशकात अमेरिकेत सह्यांच्या क्विल्ट, म्हणजे ‘अल्बम क्विल्ट’, फार लोकप्रिय होत्या. कापड न कुजवणारी पक्की शाई तोवर मिळू लागली होती. कुणी पश्चिमेकडे नव्या मुलखात निघालं की मागे राहणाऱ्या मैत्रिणी, नातलग एकेक चौकोन सही करून देत. पुन्हा भेट होईल याची खात्री नसे. आपल्या बाबतीत उलटं झालं, निघून गेलेली मी आणि चौकोन पाठवणारे तुम्ही.

एखादी जुनी क्विल्ट समोर आली तर तिचा नमुना ओळखायचा कसा? ही युक्ती आपल्या गणिताच्या सरांना आवडेल. आधी पुन्हा पुन्हा येणारा चौकोन शोधायचा. दोन चौकोनांमध्ये पट्ट्या असतील, किंवा सगळे चौकोन टोकावर उभे केलेले असतील, तर नजर फसते. म्हणून एकावर बोट ठेवून त्याची हद्द आखायची. मग त्याची घरं मोजायची. तीन गुणिले तीन असेल तर ‘नाइन पॅच’चं घराणं. त्यात आपला चर्न डॅश आणि ‘ओहायो स्टार’ येतात. सात गुणिले सात आणि कोपऱ्यांना दातेरी त्रिकोण असतील तर बहुधा ‘बेअर्स पॉ’, अस्वलाचा पंजा. मध्ये छोटा चौकोन आणि भोवती पट्ट्यांवर पट्ट्या, अर्धी बाजू फिकी, अर्धी गडद, तर ‘लॉग केबिन’, ओंडक्यांचं घर. पाव वर्तुळं वेडीवाकडी वाट काढताना दिसली तर ‘ड्रंकर्ड्स पाथ’, दारुड्याची वाट. षटकोनांची फुलं असली तर ‘ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन’, आजीची फुलबाग.

घरं मोजून झाली की कोशाकडे वळायचं. बार्बरा ब्रॅकमन या बाईंनी जोडकामाच्या नमुन्यांचा कोश केला, तो १९९३मध्ये ग्रंथरूपात आला. त्यात ४०००हून अधिक नमुने आहेत आणि ते नावावरून लावलेले नाहीत, रचनेवरून लावलेले आहेत. फूल ओळखायला वनस्पतिशास्त्राच्या बाई आपल्याला आधी पाकळ्या मोजायला लावायच्या, तसंच हे. नाव माहीत नाही म्हणूनच तर आपण शोधतो!

ही नावं टिकली याचं मोठं श्रेय वर्तमानपत्रांना जातं. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या पत्राने १९२८ ते १९६१ या काळात नमुने छापले. बायकांनी ती कात्रणं डब्यात जपली. छापणाऱ्यांनी जुन्या नमुन्यांना नवी नावंही देऊन टाकली, त्यामुळे एकाच नक्षीला चार-पाच नावं असणं मुळीच विशेष नाही. तुमच्या आजीच्या नक्षीचं खरं नाव कोणतं, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच: आजी म्हणायची ते.

मात्र नावावरून गोष्टी रचल्या जातात, त्या पारखून घ्याव्यात. गुलामगिरीच्या काळात पळून जाणाऱ्यांना वाट दाखवण्यासाठी क्विल्टच्या नक्ष्या खुणा म्हणून दारात टांगत, अशी एक गोष्ट १९९९च्या एका पुस्तकामुळे खूप पसरली. मंकी रेंच दिसला की अवजारं गोळा करा, असा अर्थ त्यात सांगितला जातो. गोष्ट मोहक आहे. पण इतिहासकारांना त्या काळातला पुरावा सापडलेला नाही. त्या यादीतली ‘डबल वेडिंग रिंग’ ही नक्षी तर विसाव्या शतकात लोकप्रिय झाली. म्हणून क्विल्टचं वय नक्षीवरून ठरवू नये, कापडावरून ठरवावं. त्यातलं सगळ्यात नवं कापड ज्या काळचं, त्याच्या आधीची ती क्विल्ट असू शकत नाही. आपल्या क्विल्टमध्ये १९०५ची नऊवारी असली, तरी शेजारी आपल्या गणवेशाचं टेरीकॉट आहे. पुढे कुणी संशोधक आला तर तो फसणार नाही.

आता दुसरा प्रश्न. नाही, हे सगळं मी शिवलेलं नाही. टॉप मी जोडला. ही जी वेलबुट्टीसारखी टीप सगळीकडे फिरलेली दिसते, ती माझ्या गावापासून तासाभरावर राहणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या लाँगआर्म यंत्रावर घातली.

घरच्या शिलाई मशीनवर यंत्र जागेवर असतं आणि कापड आपण सरकवतो. सुई आणि मशीनची मान यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा. त्यातून अख्खी रजई गुंडाळून ढकलायची म्हणजे खांदे भरून येतात. लाँगआर्मवर नेमकं उलटं असतं. दहा-बारा फुटी चौकटीवर रुळांना गुंडाळून तिन्ही थर ताणलेले असतात आणि लांब मानेचं यंत्र चाकांवरून कापडावर हिंडतं. हात भरभर चालला काय किंवा रेंगाळला काय, टाक्याची लांबी सारखी ठेवणारी सोय त्यात असते. कागदावरच्या वेलीवरून प्रकाशाचा ठिपका फिरवत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच नक्षी घालता येते. हल्ली ते कामही संगणक करतो. प्रत्येक चौकोनात वेगळी नक्षी हवी असेल तर बाई स्वतः हाताने यंत्र फिरवतात. त्याला वेळ आणि पैसे अर्थातच जास्त.

पैसे चौरस इंचावर. आपली क्विल्ट कडेच्या पट्टीसकट ६० बाय ६९ इंच, म्हणजे ४१४० चौरस इंच. इंचाला २ सेंट धरले तर ८२ डॉलर ८० सेंट. कापूस आणि दोरा वेगळा. काही दुकानांत तासाच्या भाड्यानेही यंत्र मिळतं, पण आधी शिकून घ्यावं लागतं. आणि ज्यांना हाताचाच टाका हवा, त्यांच्यासाठी आमच्या ओहायोत आमिश समाजातल्या बायका आहेत. त्या हाताने क्विल्टिंग करून देतात आणि मजुरी किती वार दोरा लागला त्यावर घेतात.

कुणाला असं काम द्यायचं असेल, तर तयारीचं थोडं सांगते. तिन्ही थर सुटे द्यायचे. टाचण्या लावून, कच्चे टाके घालून एकत्र करायचे नाहीत. शिवणाच्या बाई म्हणायच्या, ‘माया ठेवा गं, माया!’ इथे तर मोठी माया लागते. अस्तर आणि कापूस चारी बाजूंनी साधारण ४ इंच जास्त, म्हणजे आपलं अस्तर ६८ बाय ७७. टॉपला इस्त्री केलेली हवी, मागचे लोंबणारे दोरे कापलेले हवेत, कारण फिक्या कापडातून ते दिसतात. कडेची पट्टी लाटेसारखी फुगलेली असेल तर यंत्र ती सपाट करत नाही, चुण्या पाडतं. बटणं, टिकल्या नंतर लावायच्या. आणि एक प्रश्न आवर्जून विचारायचा: टीप किती दाट घालणार? फार दाट घातली तर रजई पुठ्ठ्यासारखी होते.

आपल्या कापडांना आणखी काळजी लागली. जुनं रेशीम ताणाने फाटलं असतं, म्हणून त्याला मागून पातळ चिकटणारं अस्तर इस्त्रीने लावलं. टेरीकॉटला मंद इस्त्री. आणि लाल काठ ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी पुसून पाहिले, रंग जातो का ते.

‘मग ही तुझी क्विल्ट कशी?’ असं सकाळी एका मैत्रिणीने हसत विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण क्विल्टिंग एकटीने करायचं काम पूर्वीही नव्हतं. टॉप घरी एकटीने जोडायचा आणि चौकटीवर ताणला की शेजारणींना बोलवायचं, अशीच रीत होती. आपल्याकडे तरी काय? आईने धुतलेली लुगडी काढून द्यायची आणि गोधडी शिवणाऱ्या बाईंनी दुपारभर बसून धावदोरा घालायचा. फरक इतकाच की तिकडे आता दोघींची नावं लिहितात. प्रदर्शनांत दोघींनी मिळून केलेल्या क्विल्टचा वेगळा गट असतो आणि मागच्या लेबलवर असतं: जोडणारी अमुक, क्विल्टिंग करणारी तमुक. आपल्या गोधडी शिवणाऱ्या बाईंचं नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मला येत नाही, आणि आता सांगणारंही कुणी घरात उरलेलं नाही.

नक्षीच्या नावांचंही तेच. उत्तर कर्नाटकात यल्लापूर, हल्याळच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्यांतले बरेच पोर्तुगीजांच्या गोव्यातून तिथे पोचले. कवंदीत चौकोन मोजायला जागाच नाही. कडेपासून सुरुवात करून तुकडे लावत, टाके घालत मध्यापर्यंत यायचं आणि कोपऱ्यांवर कापडाची छोटी ‘फुलं’ बसवायची. ती ओळखायची म्हणजे शिवणारीचा हात ओळखायचा. आपल्या गोधड्यांचंही असंच. त्यांचा कोश झाला नाही, नावं तोंडी राहिली आणि तोंडाबरोबर गेली.

या ४२ चौकोनांत ३८ आपले आणि ४ आपल्या गुरुजनांचे. त्यांपैकी पाच पांढरी घरं कोरी आहेत. त्या पाच जणांची कापडं त्यांच्या घरच्यांनी पाठवली. कुणाचा सदरा, कुणाची साडी. सही करायला ते राहिले नाहीत, म्हणून तिथे मी दुसऱ्या कुणाच्या हाताने नाव घातलं नाही. पण क्विल्ट उलटी करून पाहा. मागच्या लेबलवर ४२ नावं आहेत, कुणाचं कापड कुठलं ते आहे, नमुन्याचं नाव चर्न डॅश म्हणजे रवी असं आहे, जोडणारीचं आणि क्विल्टिंग करणाऱ्या बाईंचंही नाव आहे.

घरी गेल्यावर एवढं करा. माळ्यावरची, ट्रंकेतली गोधडी उन्हात घाला, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला जवळ बसवा आणि विचारा, हे लुगडं कुणाचं, हा काठ कुठला, शिवली कुणी, कोणत्या गावात. पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर पक्क्या शाईने लिहा आणि कोपऱ्यात चार टाके घालून लावून टाका. धावदोरा आपल्या सगळ्यांना येतो. शिवणाच्या बाई समोरच बसल्यात, नाही कोण म्हणेल!