कारखान्यातला संघ



कामगार चळवळीतल्या माणसाने फुटबॉलवर काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. पण हा खेळ आमच्याच लोकांनी वाढवला. मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागात रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कामगारांनी 1878 साली एक संघ काढला. तोच 1902 साली मँचेस्टर युनायटेड झाला. आर्सेनल हा वुलविचच्या सरकारी शस्त्रकारखान्यातल्या कामगारांचा, 1886 चा. वेस्ट हॅमचे मूळ जहाजे बांधणाऱ्या थेम्स आयर्नवर्क्समध्ये.

पुढे तिकिटांचा पैसा आला आणि त्याबरोबर मालकही आले. 1901 पासून खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक द्यायचे नाहीत, असा नियम झाला. मैदानात हजारो माणसे पैसे मोजून येत, खेळाडूच्या हाती मात्र हे चार पौंड! तेव्हा 1907 साली मँचेस्टरमध्येच खेळाडूंनी युनियन स्थापली. पुढारी होता बिली मेरेडिथ, लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला गडी. 1909 साली फुटबॉलच्या वरिष्ठ मंडळाने हुकूम काढला, युनियन सोडा. पुष्कळांनी सोडली. मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू अडून बसले. निलंबन झाले तरी हटले नाहीत, उलट ‘बहिष्कृत संघ’ अशी पाटी लावून त्यांनी छायाचित्र काढून घेतले. आम्हांला हे छायाचित्र त्यांच्या साऱ्या चषकांपेक्षा मोलाचे वाटते. युनियन टिकली; वेतनाची ती मर्यादा मात्र संपाच्या धमकीनंतर, 1961 साली उठली. आपल्या देशात भायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना उभी राहिली ती 2006 साली.

आता मुंबईकडे येऊ. इथेही गिरण्यांचे, बँकांचे, तेल कंपन्यांचे संघ होते. खेळाडूला नोकरी मिळे, आणि खेळ सुटला तरी नोकरी राही. ही सोय लहान नव्हती. महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा संघ 1962 सालचा. लोक त्यांना ‘जीपमेन’ म्हणत. 2000 च्या सुमारास तो महिंद्र युनायटेड या नावाने व्यावसायिक झाला. 2003 आणि 2005 साली त्याने फेडरेशन चषक जिंकला, आणि 2005-06 मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय लीग. मुंबईच्या संघाने ती लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

आणि चारच वर्षांनी, 2010 साली, कंपनीने संघ गुंडाळला. यापुढे शालेय मुलांच्या फुटबॉलवर भर द्यायचा, असे ठरले. मुलांना खेळू द्यावे, त्याला आमची ना नाही. पण अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ एका निर्णयासरशी नाहीसा होतो, हे कसे? मोठा कारखाना बंद करायचा तर कायद्याने सरकारची परवानगी मागावी लागते. संघ बंद करायला एक पत्रक पुरते.

इंग्लंडातही मालक बदलतात, दिवाळी निघते. पण बहुतेक वेळा संघ उरतो, कारण गावकरी त्याला आपला मानतात आणि दर आठवड्याला तिकीट काढतात. आमच्या कूपरेजवर तिकिटांवर संघ पोसला जाईल एवढी गर्दी कधी जमलीच नाही. सगळा भार कंपनीच्या खर्चाच्या वहीवर, म्हणून सगळी सत्ताही तिथेच. यात दोष एकट्या कंपनीचा नाही, आपणही घरी बसलो होतो.

आता आपल्या दारचीच गोष्ट. 2014 साली मुंबई सिटी हा नवा संघ निघाला आणि पहिल्या हंगामात नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर खेळला. पुण्याला पाच-शून्य हरवून त्याने घरच्या मैदानाचे उद्घाटन केले. 2019 साली त्याचे पासष्ट टक्के भाग मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने घेतले. 2020-21 मध्ये त्याने लीग जिंकली. साथीमुळे सारे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांत झाले.

नेरूळ, तुर्भे, कोपरखैरणे इथली शिफ्टवरून सुटलेली मंडळी अशा संघाची सभासद होऊ शकतील का, वर्गणी भरून त्यांना मत मिळेल का, हा प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवतो. प्रश्नोत्तरांत कोणी त्यावर बोलले तर ऐकायला आवडेल. इतके बोलून रजा घेतो.