हॉर्मोन आणि त्याचे मदतनीस

कोंबडी अंडी घालते, कोंबडा घालत नाही. यात सांगण्यासारखे ते काय, असे आपण म्हणाल. पण अंड्यातल्या बलकाचे प्रथिन तयार होते कोंबडीच्या यकृतात, आणि ते करण्याचे जनुक कोंबड्याच्या यकृतातही असतेच. कोंबड्याला ईस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन टोचले, की त्याचे यकृतही बलकाचे प्रथिन करू लागते! बियाणे घरात होते. पेरा म्हणून सांगणारे कुणी नव्हते.

हा निरोप जनुकापर्यंत पोचतो कसा? रक्तातून आलेले हॉर्मोन पेशीत शिरते आणि तेथल्या 'ग्राहक' नावाच्या प्रथिनाला चिकटते. आपले जनुक कोणते, हे ग्राहकाला अचूक कळते. पण नुसते कळून भागत नाही. माणसाच्या एका पेशीतला डीएनएचा धागा उलगडला तर सुमारे २ मीटर भरेल. तो हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. ८ हिस्टोनांचे एक रीळ, त्यावर पावणेदोनाच्या आतबाहेर वेढे. या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. आता गुंडाळलेली पोथी वाचायची कशी?

येथे मदतनीस प्रथिने लागतात. १९९५ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे बर्ट ओमॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे एक प्रथिन हुडकले. त्याचे नाव एसआरसी-१. (हेच ओमॅली पूर्वी कोंबडीच्या पिलांच्या अंडनलिकेवर प्रयोग करीत!) हॉर्मोन बसले की ग्राहकाचा आकार बदलतो, त्याच्या अंगावर एक खाच तयार होते आणि तीत मदतनीस बसतो. तो आणखी गडी बोलावून आणतो. हिस्टोनांवर धन भार, डीएनएवर ऋण; म्हणून तर पकड घट्ट. काही मदतनीस हिस्टोनांच्या शेपट्यांना अ‍ॅसिटिल गट जोडून तो धन भार मारतात, आणि पकड सैल होते. दुसरे काही रिळेच बाजूला सरकवतात. मग जनुकाची नक्कल करणारी यंत्रणा कामाला लागते.

स्तनाच्या कर्करोगावर टॅमॉक्सिफेन नावाचे औषध देतात. ते हॉर्मोनची जागा अडवते. पण त्याचा लांब हात असा आडवा येतो की मदतनिसाची खाच बुजते. स्तनातल्या गाठीची वाढ त्यामुळे थांबते. गर्भाशयाच्या अस्तरात मात्र तेच औषध हॉर्मोनसारखे वागते! असे का? २००२ साली बॉस्टनच्या संशोधकांना आढळले, की गर्भाशयाच्या पेशींत एसआरसी-१ भरपूर असते, आणि ते कमी केले की औषधाची ही उलटी करणी थांबते. ग्राहक तोच, औषध तेच; फरक मदतनिसांचा.

म्हणून हे औषध घेणाऱ्या, पाळी गेलेल्या बाईला पुन्हा अंगावरून रक्त जाऊ लागले, तर तिने संकोच न करता डॉक्टरांना लगेच सांगावे. औषध मात्र आपल्या मनाने सोडू नये. त्यात धोका थोडा आणि लाभ पुष्कळ मोठा आहे.