गावाचा नकाशा आणि शाळेतील मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



नकाशा म्हणजे भूगोलाच्या पेपरात नद्या व पर्वत भरून चार गुण मिळविण्याचे साधन, अशी आपणांपैकी बहुतेकांची समजूत असते. परंतु शाळकरी मुलांनी भरलेले नकाशे एका राष्ट्राच्या अन्नप्रश्नात उपयोगी पडले, ही हकीकत मी आज आपणांपुढे ठेवीत आहे.

पूर्वी रंगूनच्या विश्वविद्यालयात अध्यापन केलेले डडली स्टँप यांनी १९३० च्या सुमारास ब्रिटनमधील भूमीच्या उपयोगाची पाहणी आरंभिली. एवढ्या कार्यास पुरेल असे मनुष्यबळ त्यांजपाशी नव्हते. म्हणून त्यांनी शाळांना हाक घातली. मैलास सहा इंच या प्रमाणाचे नकाशे घेऊन शिक्षक व मुले शिवारोशिवार हिंडली. नांगरटीस एक अक्षर, कुरणास दुसरे, वनास तिसरे, अशी शेतवार नोंद झाली. पुढे १९३९ साली महायुद्ध पेटले, धान्याची जहाजे समुद्रात बुडू लागली. तेव्हा देशातील लागवड वाढविताना त्या नकाशांचे साहाय्य झाले.

आज साधने पालटली आहेत. उपग्रहांच्या आधारे आपले स्थान दाखविणारे यंत्र बहुतेक स्मार्टफोनमध्ये आहे. कोणासही भर घालता येईल असा ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा जगाचा नकाशा २००४ साली सुरू झाला; हैतीत २०१० साली भूकंप झाला, तेव्हा देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहचित्रांवरून तेथील रस्ते त्यावर रेखाटले व मदतपथकांस ते उपयोगी पडले.

तथापि उपग्रहास विहीर दिसली, तरी तिचे पाणी कोणत्या महिन्यात आटते हे त्यास कळत नाही. त्यासाठी पायांनीच जावे लागते व वृद्धांना विचारावे लागते.

यास्तव माझी मंडळास एक विनंती आहे. गुणवंतांस पारितोषिके दिली, हे योग्यच झाले. आता उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाणाऱ्या मुलांनी वडीलधाऱ्यांस बरोबर घेऊन प्रत्येक विहीर नकाशावर मांडावी, दोर सोडून पाण्याची पातळी टिपावी आणि तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा. कोणत्या विहिरीचा गाळ आधी काढावा, टँकर कोठे उभा करावा, याचा निर्णय त्यावरून सुकर होईल. मात्र आपल्याच आळीपुरता काढलेला नकाशा अपुरा होय. गावातील प्रत्येक वस्तीचा पाणवठा त्यात आलाच पाहिजे. अशा उत्तम नकाशास मंडळाने दरवर्षी एक पारितोषिक ठेवावे.

पालकांनी हा अभ्यासाच्या वेळेचा अपव्यय मानू नये. प्रमाण, दिशा व सरासरी ही तेथे जितकी पक्की होतील, तितकी घोकंपट्टीने होणार नाहीत.