आतड्यातले रक्त आणि हृदयाची झडप

1958 साली एडवर्ड हाइड या अमेरिकन डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला एक छोटेसे पत्र पाठवले. दहा वर्षांत त्यांनी किमान 10 वृद्ध रुग्ण पाहिले होते. सगळ्यांच्या महाधमनीची झडप कॅल्शियम साचून अरुंद झालेली, आणि सगळ्यांच्याच पोटात मोठा रक्तस्राव. रक्त कुठून येते, ते मात्र सापडत नव्हते.

सापडणार तरी कसे? दोष होता आतड्याच्या अस्तरातल्या फुगलेल्या, पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्यांत. डॉक्टर त्यांना अँजिओडिस्प्लेझिया म्हणतात. जेमतेम काही मिलिमीटरच्या आणि सपाट. बेरियमच्या एक्स-रेत त्या उमटतच नाहीत. झडपेशी त्यांचे नाते पुढे उलगडले. अरुंद झडपेतून रक्त जोराने घुसते, तेव्हा रक्त थांबवणाऱ्या व्हॉन विलेब्रांड या प्रथिनाच्या लांब साखळ्या तुटतात. म्हणूनच झडप बदलल्यावर कित्येकांचा रक्तस्राव थांबतो. आतड्याचा आजार हृदयाच्या शस्त्रक्रियेने बरा व्हावा, हे खरोखर विलक्षण आहे.

झडप चांगली असलेल्यांनाही हा त्रास होतो, बहुधा साठीनंतर.

पुष्कळदा रक्त थेंबाथेंबाने जाते. हिमोग्लोबिन उतरते, जिना चढताना धाप लागते आणि घरचे म्हणतात, ‘आता वय झालं.’ लोहाच्या गोळ्या सुरू होतात. त्या गोळ्यांनीही शौचाला काळे होते. त्यामुळे रक्ताने झालेल्या काळ्या, चिकट शौचाकडे कुणाचे लक्ष जात नाही. उतारवयात लोह पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर ते जाते कुठे हे शोधलेच पाहिजे. त्या शोधात कधी आतड्याचा कर्करोगही वेळेत हाती लागतो.

दुर्बिणीच्या तपासणीत या वाहिन्या लालभडक ठिपक्यांसारख्या दिसतात आणि उपचारही त्याच दुर्बिणीतून होतो. बारीक नळीतून आर्गॉन वायू सोडून त्यातून वीज खेळवतात. नळीचे टोक अस्तराला न टेकवता वाहिनी भाजून बंद होते. भाजणे उथळ राहते, आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या, पातळ भिंतीच्या भागात हे फार मोलाचे. कारण वाहिन्या तिथेच जास्त आढळतात.

लहान आतड्याच्या बहुतेक भागापर्यंत ही दुर्बीण पोहोचत नाही. तिथे 2001 पासून वापरात आलेली, गिळायची कॅमेरा-कॅप्सूल रक्ताची जागा दाखवते. मग जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी विकसित केलेल्या दोन फुग्यांच्या दुर्बिणीने तिथवर जाता येते. एक जागा बंद केली तरी दुसरीकडून रक्त सुरू होऊ शकते, म्हणून उपचारानंतरही हिमोग्लोबिन तपासत राहावे लागते.