नाव कळावं की नको?



एरवी मी या स्टेजवर माइकच्या वायरी जोडायला येतो. बोलायला आज पहिल्यांदाच उभा आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

दोहाच्या उन्हाळ्यात नळाला कढत पाणी येतं, हे तुम्हाला सांगायला नको. मागच्या जूनमध्ये उजवा डोळा हलवताना पंधरा दिवस दुखला. मग जुलैत आंघोळ करून आलो की त्याच डोळ्यापुढे धुकं यायचं आणि एसीत बसलं की निवळायचं. पायांना मुंग्याही येत. नेटवर शोधलं. उत्तर आलं : मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण खाते. वायरचं इन्सुलेशन जावं तसं. उष्णतेने असं अंधुक दिसतं हे जर्मन डॉक्टर ऊटहॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं.

लॅपटॉप मिटला आणि चार महिने गप्प बसलो. इथे आपलं राहणं नोकरीवर. ती गेली तर व्हिसा, मुलीची शाळा, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता... शेवटी बायको म्हणाली, "तू नाव टाळतोयस. आजार टळलाय का?"

डॉक्टरांकडे दोन गोष्टी कळल्या. मुंग्या बी-१२ कमी झाल्यानेही येतात, आणि त्यात आपण शाकाहारी मंडळी पुढे! दुसरं, एमएस एका तपासणीत ठरतोच असं नाही. एमआरआय, कधी पाठीतलं पाणी तपासून इतर आजार बाजूला काढावे लागतात. पूर्ण बरं करणारं औषध नाही, पण झटके कमी करणारी औषधं १९९३ पासून आहेत आणि ती लवकर सुरू केलेली बरी. म्हणजे मी चार महिने स्वतःचंच नुकसान करत असू शकलो असतो.

माझं बी-१२ कमी निघालं. एमआरआयमध्ये एक डागही दिसला. डॉक्टर म्हणतात, नाव द्यायची घाई नको, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. ऑफिसात मी स्वतःच सांगून टाकलं. भीती गेली नाही, पण आता रात्री झोप लागते.

मी भीतीने थांबलो. आपल्याकडे गावोगावी माणसं पैशापायी थांबतात. भारतात २०१६ च्या कायद्याने एमएसला अपंगत्वाच्या यादीत जागा दिली, पण त्याआधी निदान तर व्हायला हवं! आजचा निधी अशाच तपासण्यांसाठी आहे. सढळ हाताने द्या. आणि अंगावर काही काढत असाल, तर उद्याच अपॉइंटमेंट घ्या.