खेळण्यावरची सही



आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आम्ही बोलायला उभे राहिलो म्हणजे बोनस आणि महागाईभत्ता यांवाचून दुसरे काही कानांवर पडणार नाही, असे आपण धरून चालला असाल. आज आम्ही खेळण्यांविषयी बोलणार आहोत. बोनसचे वारे त्यात शिरणारच नाही, असे वचन मात्र देत नाही.

चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा भरते, आषाढीच्या आधी माउलींच्या पालखीचा मुक्काम आपल्या नातेपुत्यात पडतो. पोर हट्ट धरते, आपण घासाघीस करून खेळणे घेतो. हे कोणी केले, असे दुकानदाराला आपण कधी विचारतो का? विचारले तरी त्याला ठाऊक नसते. पण अमेरिकेत ही विचारपूस करणारी, करणाऱ्याचा पत्ता काढून त्याची सही मिळवणारी माणसे आहेत. हा छंद पोरकट वाटेल. आम्हांला तो फार गंभीर वाटतो.

तिकडे हॅसब्रो नावाची खेळण्यांची कंपनी आहे. १९६४ साली तिने ‘जी. आय. जो’ नावाचा सैनिक बाजारात आणला. तो चांगला फूटभर उंच होता. १९८२ साली त्याच नावाने पावणेचार इंचांच्या सैनिकांची फौज निघाली, आणि तिने पोरांना वेड लावले. प्रत्येक सैनिक पुठ्ठ्यावर बसवलेला; पुढे त्याचे झोकदार रंगीत चित्र, मागे त्याची कुंडली : नाव, हुद्दा, जन्मगाव, स्वभाव. ही कुंडली कापून ठेवायची सोय होती. पुठ्ठ्यावर कंपनीचे नाव ठळक. चित्र काढणाऱ्याचे आणि कुंडली लिहिणाऱ्याचे नाव शोधून सापडायचे नाही.

ती पोरे मोठी झाली, मिळवती झाली, आणि त्यांनी ही नावे शोधून काढली. सुरुवातीच्या बहुतेक सैनिकांची रूपे रॉन रुडॅट यांनी कागदावर रेखाटली होती. पुठ्ठ्यावरची चित्रे हेक्टर गॅरिडो यांची. हे मूळचे अर्जेंटिनाचे, २०२० साली वारले. कुंडल्या लिहिल्या लॅरी हामा यांनी. हे जपानी वंशाचे अमेरिकन, स्वतः सैन्यात राहून आलेले. एका खेळण्यावर तिघांच्या सह्या मिळवायच्या म्हणजे खटपट आली. मेळाव्यांत रांगा लावायच्या, नाहीतर पुठ्ठा जपून टपालाने पाठवायचा आणि परतीच्या टपालाचे पैसे आपणच भरायचे. प्लास्टिकवर केलेली सही हाताळून पुसते, म्हणून जाणकार माणूस ती पुठ्ठ्यावर किंवा त्या कुंडलीवर घेतो. आता सहीलाही बाजारभाव आला. भाव आला की खोट्या सह्या आल्या, आणि सही खरी असल्याचे दाखले देऊन पैसे घेणारेही आले. बाजार कशालाही सोडत नाही. तरीदेखील ज्याचे नाव छापले गेले नाही, त्याच्या दाराशी ही मंडळी गेली, याबद्दल आम्ही त्यांना मानतो.

आता ही फौज आपल्या अंगणात कशी आली ते ऐका. मद्रासची एम. आर. एफ. ही टायरची कंपनी आणि हॅसब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ साली फनस्कूल निघाली. तिचा कारखाना गोव्यात. अमेरिकेतून साचे आले, आणि हे सैनिक तिथे होऊ लागले. साचा तोच, पण इथले रंग पुष्कळदा निराळे. तिकडे हिरवा असलेला गडी इकडे भलत्याच रंगात उभा. त्या काळी आपल्याला त्याचे काही वाटले नाही. आज त्या वेगळेपणापायी परदेशचे संग्राहक गोव्याचा माल हुडकत असतात.

हा सैनिक आतून कसा असतो? छाती आणि पाठ असे धडाचे दोन भाग, पाठीत एक स्क्रू, आणि पोटात एक काळे रबरी कडे. पायांचा आकडा त्या कड्यात अडकलेला असतो, म्हणून कमर वळते. वर्षे लोटली की रबर कुजते आणि सैनिकाचे दोन तुकडे होतात. मग संग्राहक पाठीचा स्क्रू काढतो आणि नवे कडे घालतो. हे करताना त्याच्या मनात कधी यावे, की पहिले कडे कुणीतरी हाताने घातले होते. पाळीत अशी किती कडी घातली असतील? आकडा आम्ही सांगणार नाही. पण जुळणीच्या पट्ट्यावर आठ तास बसलेली बोटे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. ती बोटे संध्याकाळी चहाचा कप धरतात तेव्हाही आखडलेलीच असतात.

रुडॅट यांची सही आहे, हामा यांची आहे. कडे घालणाऱ्याची कुठे आहे? कुणी म्हणेल, त्याने काय निर्माण केले? कागदावरच्या रेघेने पोर खेळत नाही, हे आमचे उत्तर. रेघ काढणाऱ्याचा मान आम्ही तसूभर कमी करत नाही; तोही बहुधा पगारी नोकरच होता. पण छंदाची वाट टेबलापर्यंत येऊन थांबावी आणि यंत्रापर्यंत जाऊ नये, हे आम्हांला खटकते.

कामगाराने सही केलेली असते, श्रोतेहो. ती पगारपत्रकावर असते, रेव्हेन्यू तिकिटावर आडवी मारलेली, नाहीतर अंगठा उठवलेला. परंतु १९३६ च्या वेतनप्रदान कायद्याने ती वही शेवटच्या नोंदीनंतर तीनच वर्षे जपण्याचे बंधन मालकावर घातले होते. पुढे रद्दी. आमच्याकडे एक म्हातारा फिटर पेन्शनसाठी नोकरीचा पुरावा शोधत आला होता. कारखाना बंद, वह्या गेलेल्या. त्याने तिथे आयुष्य घालवले हे सांगायला त्याच्या दोन सोबत्यांची तोंडे तेवढी उरली होती. ज्या मालावर नाव नाही आणि ज्याची वही नाही, त्या कष्टाला साक्षीदार म्हणजे माणूसच.

विचारणारा भेटला तर नाव राहते, याला दाखला सावंतवाडीचा. तिथल्या चितार आळीतली लाकडी फळे आणि खेळणी महाराष्ट्रभर गेली, करणाऱ्यांची नावे गेली नाहीत. गंजिफा ही तर बुडतच आलेली कला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली, म्हणून कला राहिली आणि चितारींचे नावही राहिले. राजवाड्याने विचारले म्हणून राहिले, हे खरे. राजवाडा नसलेल्या गावात कुणी विचारायचे?

गोव्यात १९९० साली विशीत असलेली मुले-मुली आज पंचावन्नच्या घरात आहेत. अजून हातीपायी धड आहेत, त्यांना आठवते आहे. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर त्या फौजेतला एखादा सैनिक पडला असेल, आणि सुट्टीत गोव्याला जाणे होणार असेल, तर समुद्र पाहून झाल्यावर एक दिवस फोंड्याच्या बाजूला काढा. चहाच्या टपरीवर, देवळाच्या पायरीवर विचारा : खेळण्यांच्या कारखान्यात कोण होते? भेटेल त्याला नाव विचारा, कोणत्या यंत्रावर, कोणत्या सालापर्यंत, आणि भलता रंग कुणी ठरवला तेही विचारा. पुठ्ठा राहिला नसेल तर साधे पोस्टकार्ड न्या. सहीखाली नाव सुवाच्य अक्षरांत लिहून घ्या, कारण पाळीच्या घाईत केलेली सही पुढे कुणालाच वाचता येत नाही.